नाओघाट कचेरीचा लाल रुमाल

१

गुरुवारी सकाळी साडेदहाला मी महकमाधिपतींच्या टेबलावर लाल रुमाल ठेवला आणि गाठ सोडायला लागलो. गाठ सुटेना. नखं दुखायला लागली तरी सुटेना. शेवटी कचेरीची मालमत्ता सांभाळणारे नाझीर शइकिया म्हणाले, "अरे मुहीराम, अशाने बिहू उजाडेल!" आणि त्यांनी कात्री पुढे केली. मी गाठीच्या शेजारी दोरा कापला आणि रुमालाची चारी टोकं उलगडली.

आत पूरग्रस्तांच्या मदतीचे कोरे अर्ज निघाले. दोनेकशे तरी असतील.

मी इथल्या दप्तरखान्याचा, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीचा, कारकून. नोंदवहीप्रमाणे या रुमालात आमच्या कचेरीच्या इमारतीचे कागद असायला हवे होते: जुना नकाशा, बांधणाऱ्या मिस्त्रींची यादी, त्या वेळच्या साहेबांचा पत्रव्यवहार. इंग्रजीतले ते कागद आजवर कोणी वाचलेले नव्हते, कारण कोणाला गरजच पडली नव्हती. आता पडली होती. सोमवारी गुवाहाटीहून समिती येणार होती आणि कचेरी जपायची की पाडायची हे ठरवणार होती.

"हे काय आहे, डेका?" बरगोहाईं सरांनी मला विचारलं. सर आमचे महकमाधिपती, म्हणजे उपविभागाचे प्रमुख; वय जेमतेम तिशीचं, पण आवाज चढवणं त्यांना ठाऊक नाही. त्यामुळे जास्तच भीती वाटते.

"सर, मला... मला माहीत नाही."

समोर बसलेले राजखोवा मास्तर उठून उभे राहिले. निवृत्त मुख्याध्यापक. कचेरी १८९९ सालची, मोठ्या भूकंपानंतर दोन वर्षांत उभी राहिलेली, असं सांगणारी पुस्तिका त्यांनी स्वतः छापून गावभर वाटली होती. "पळवले!" ते ओरडले. "पुरावाच पळवला! आणि कोणी पळवला ते सांगायला ज्योतिषी नको." त्यांनी रातुल चौधरीकडे पाहिलं. चौधरी ठेकेदार. इमारत पडली तर तिथं चार मजली काँक्रीटचं काम त्याला मिळेल, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"मास्तर, तोंड सांभाळा," चौधरी म्हणाला. "मी कधी त्या दप्तरखान्याचा उंबरा ओलांडलेला नाही."

सरांनी हात वर केला. "डेका, मंगळवारी तुम्ही वर्षअखेरीची तपासणी केलीत. नोंदवहीत प्रत्येक रुमालापुढे तुमची सही आहे."

"हो सर."

"उघडून पाहिलेत?"

"हो सर."

"बुधवारी सुट्टी. दप्तरखान्याची किल्ली नाझीरबाबूंकडे, दुसरी माझ्या कपाटात मोहोरबंद. कुलूप शाबूत, खिडक्यांना आतून कड्या." सर क्षणभर थांबले. "म्हणजे मंगळवारी संध्याकाळी कागद होते आणि आज सकाळी नाहीत. मधे कुलूप. आणि कुलूप लागायच्या आधी आत असलेले शेवटचे माणूस तुम्ही."

२

पोलिसांना बोलवायच्या आधी सरांनी निर्मली काकतींना निरोप धाडला. तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेली बाई. लुइत नदीने दरवर्षी खाल्लेली आणि दरवर्षी ओकलेली जमीन त्यांनी मोजली होती. दोन भावांमधली हद्द ठरवून दोघांनाही त्यांच्याच अंगणात चहा पाजला होता. सगळं नाओघाट त्यांना बाइदेउ, म्हणजे ताई, म्हणतं, त्यांच्याहून थोरली माणसंसुद्धा.

दुपारी त्या छत्री आणि मोजणीची फीत घेऊन आल्या. गालात तामोल, ओल्या सुपारीचा विडा.

"सोमवारपर्यंत वेळ आहे म्हणे," त्या मला म्हणाल्या. "चल, दाखव. घाबरतोस कशाला? चोरी केली असशील तर घाबर."

आमची कचेरी दगडाविटांची नाही. भूकंपाच्या देशात दगड म्हणजे डोक्यावरचं थडगं. कमरेएवढं जोतं, त्यावर सालाच्या लाकडाचा सांगाडा, आणि खांबाखांबांमधला प्रत्येक खण इकराचा. इकरा म्हणजे नदीकाठी वाढणारा बोरू. तो उभा लावून, बांबूच्या कामट्यांना वेताने बांधून, दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा गिलावा आणि वर चुना. डोक्यावर बांबूच्या चटईचं छत, त्यावर उतरता पत्रा. सगळ्या बाजूंनी रुंद व्हरांडा. धरणी हलली तर कचेरी डोलते, पडत नाही.

व्हरांड्यात थानेश्वर मिस्त्री कठडा दुरुस्त करत बसला होता. सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा, खांद्यावर विटका गामोसा. इकराचं काम येणारा गावातला शेवटचा माणूस. बाइदेउंनी त्याच्याकडून शिडी मागून घेतली आणि स्वतः चढून छताची एक चटई सरकवली.

"अंगठाभर धूळ," त्या वरून म्हणाल्या. "मांजराची पावलं आहेत. माणसाची नाहीत."

मग कुलूप पाहिलं, बिजागऱ्या पाहिल्या, खिडक्यांच्या कड्या हलवून पाहिल्या. सगळं शाबूत. दप्तरखान्यात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "तो रुमाल कुठं असायचा?"

"मागच्या भिंतीला लागून, खालून दुसऱ्या फळीवर. आणि ते कोरे अर्ज त्याच्या शेजारीच. गेल्या भादव्यातल्या पुराच्या वेळी छापून आलेले, त्यातले उरलेले."

"म्हणजे चोराने बाहेरून काही आणलं नाही. हाताशी होतं ते भरलं." त्यांनी तामोल एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "मुहीराम, हद्दीच्या भांडणात मी पहिला प्रश्न एकच विचारते. कुठून कुठवर? जमिनीला विचारते तसंच वेळेलाही विचारायचं. या चोरीची हद्द कुठून कुठवर?"

"मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ."

"कोणी ठरवली?"

मी फळीवरचे रुमाल सरळ करायला लागलो.

३

शुक्रवारी त्यांनी माणसांना बोलतं केलं. मला बरोबर घेतलं, टिपणं काढायला. मला वाटतं, नजरेखाली ठेवायला.

चौधरी आपल्या वखारीत लाल चहा पीत बसला होता. बाइदेउंना पाहून उठला, खुर्ची पुसून दिली.

"बाइदेउ, तुम्हीसुद्धा? माझ्या डोक्यावर शिंगं दिसतात का हो?"

"शिंगं नाहीत, पण पोट दिसतं. कचेरी पडली तर आणखी वाढेल."

चौधरी हसला. "खरं सांगू? ते कागद उघडावेत म्हणून मीच सरांच्या मागे लागलो होतो. माझा आजोबा सांगायचा, बेचाळीसच्या आंदोलनात पोरांनी कचेरी जाळली ती नुसता व्हरांडा नाही, पाऽर जोत्यापर्यंत जाळली. मग ही १८९९ ची कशी? मास्तरांची पुस्तिका म्हणजे थापा. कागद निघाले असते तर सोमवारी मी पेढे वाटले असते. मी कशाला चोरू?"

राजखोवा मास्तरांच्या घरी मात्र वातावरण सुतकी होतं. त्यांनी पुढे ठेवलेल्या, तिळाचं सारण भरलेल्या पिठ्याला बाइदेउंनी हात लावला नाही.

"मास्तर, बेचाळीस साली कचेरी किती जळली?"

"व्हरांडा जळला. माझ्या वडिलांनी स्वतः सांगितलंय."

"कागदात वेगळं निघालं असतं तर?"

"निघालंच नसतं!" मास्तर तडकले, मग आवाज खाली आला. "आणि मला भीती असती तर मी सहा महिने अर्ज कशाला केले असते? विचारा सरांना. कागद समितीपुढे वाचा, मिस्त्रींची नावं वाचा, हा हट्ट माझाच. जो भेटेल त्याला मी हेच सांगत होतो. घाटावर, नामघरातल्या कीर्तनात, कचेरीच्या व्हरांड्यात."

"व्हरांड्यात कोणाला?"

"कोणालाही. थानेश्वरलासुद्धा सांगितलं, तुझ्या धंद्याच्या माणसांची नावं निघतील म्हणून."

"काय म्हणाला तो?"

"तो काय म्हणणार? तोंडात तामोल. थुंकून आला आणि कामाला लागला."

परतताना घाटाच्या वळणावर बाइदेउ थांबल्या. नदीवर पलीकडे जाणारी बोट भरत होती. त्या तिकडे पाहतच म्हणाल्या, "एकाला कागदातून इमारत पाडायची होती, दुसऱ्याला वाचवायची होती. दोघांनाही ते उघडायला हवे होते. राहिले किल्लीवाले नाझीर. पण नाझीर असता तर रुमालात कोरे अर्ज भरत बसला असता का? कागद काढून घेतले असते आणि नोंदवहीत लिहिलं असतं, 'वाळवीने खाल्ले'. कोणी विचारलं असतं त्याला?"

"मग कोण राहिलं?"

त्या माझ्याकडे वळल्या. "तू राहिलास. तू चोर नाहीस, हे मला कालच कळलं. पण तू खोटं बोलतोयस."

४

सत्तावीस वर्षं नोकरी झाली होती माझी. एक मुलगी शिकते, आई घरी. घाटावरच्या एका दगडावर बसून मी बाइदेउंना सांगितलं ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मंगळवारी मी एकही रुमाल उघडला नव्हता. चारशे बारा रुमाल आहेत. पट्टीवरचं नाव वाचायचं, रुमाल हाताने दाबून बघायचा, सही करायची. मी असंच करत आलो होतो, माझ्या आधीचे कारकूनही तसंच करत. कागदासारखं लागलं हाताला, सही केली. गुरुवारी सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "उघडून पाहिलेत?" आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. एकदा निघाल्यावर ते परत गिळता येईना.

"शाबास," बाइदेउ म्हणाल्या. रागावून नाही. "म्हणजे हद्दीचा खुंटा तूच चुकीच्या जागी ठोकलास, आणि तेव्हापासून सगळे त्या खुंट्याभोवती फिरतायत. कोणाला कुलपातून आत शिरायचं होतं ते शोधतायत."

"मला निलंबित करतील, बाइदेउ."

"करतील कदाचित. आता खुंटा उपट. कोरे अर्ज भादव्यात आले. म्हणजे चोरी भादवा ते चैत, सात महिन्यांत कधीही. या सात महिन्यांत तू दप्तरखान्यापासून लांब केव्हा होतास?"

"फागुनात. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. नऊ दिवस गुवाहाटीला."

"किल्ली?"

"नाझीरबाबूंकडे."

त्या उठल्या, छत्री उघडली आणि घराकडे न जाता परत कचेरीकडे चालायला लागल्या. "कचेरीच्या पुढच्या बाजूला चुना देतात," चालता चालता त्या म्हणाल्या. "मागच्या बाजूला कोण देतं?"

५

मागच्या बाजूला कोणी जात नाही. तिथं केळी आहेत, मोडक्या खुर्च्यांचा ढीग आहे. बाइदेउ केळीची पानं बाजूला करत आत शिरल्या आणि भिंतीपासून दहा पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या.

"काय दिसतं?"

"भिंत."

"माणूस आहेस की खांब? नीट बघ. आडवं बघ."

मग मला दिसलं. गेल्या भादव्यात पाणी जोत्याच्याही वर वीतभर चढलं होतं. ओसरताना त्याने भिंतीवर तपकिरी रेघ सोडली होती, मोजणीच्या यंत्राने आखावी इतकी सरळ. ती रेघ पहिल्या खणावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर अशी थेट कोपऱ्यापर्यंत गेली होती. फक्त सहाव्या खणावर ती नव्हती. खांबापाशी तुटली होती आणि तीन फुटांवर, पुढच्या खांबापाशी, पुन्हा सुरू झाली होती.

मी जवळ गेलो. इतर खणांच्या गिलाव्यावर केसांसारख्या चिरा होत्या, कोपऱ्यांत कुंभारमाश्यांची मातीची घरं होती. सहावा खण कोरा, गुळगुळीत. मी आतल्या फळ्या मनातल्या मनात मोजल्या. सहाव्या खणाच्या बरोबर मागे, खालून दुसरी फळी.

"हा खण पुरानंतर नव्याने भरलाय," बाइदेउ म्हणाल्या. "गिलावा वाळायला आठवडा तरी गेला असणार. जुना खण काढला त्या दिवशी दप्तरखान्याला कुलूप होतं आणि भिंतच नव्हती."

नाझीर शइकियांना आम्ही त्यांच्या टेबलापाशीच गाठलं. बाइदेउंनी फक्त विचारलं, "सहावा खण कधी काढलात?" शइकियांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"वाळवी लागली होती, बाइदेउ. पुराच्या ओलीने इकरा कुजला होता. सर रजेवर, मंजुरी यायला वर्ष लागतं. तोवर सगळा दप्तरखाना खाल्ला असता. म्हटलं, मुहीराम नाही तोवर गुपचूप उरकून घेऊ. एका दिवसाचं तर काम. मी स्वतः खुर्ची टाकून बसलो होतो राखणीला."

"दिवसभर?"

"दिवसभर." त्यांनी खाली पाहिलं. "दुपारी जेवायला गेलो. तासभर."

"आणि गुरुवारी का नाही बोललात?"

"कसा बोलणार? दप्तरखाना मी उघडा टाकला होता हे सांगू? आणि मुहीराम सांगतोय, मंगळवारी कागद होते. मला वाटलं, मग माझ्या त्या दिवसाचा संबंधच काय!"

बाइदेउंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"तो कापलेला दोरा कुठाय?" त्यांनी विचारलं.

दोरा कचऱ्याच्या टोपलीतच होता. गाठ अजून तशीच, घट्ट. मी शेजारी कापलं म्हणून वाचली होती. बाइदेउंनी ती टेबलावर ठेवली आणि मला एक दुसरा रुमाल आणायला सांगितला. आम्ही कारकून सुरगाठ मारतो, एक टोक ओढलं की सुटावी अशी; रोज उघडायचं असतं. ही गाठ तशी नव्हती. टोक दोनदा फिरवून परत स्वतःच्याच खाली खोचलेलं. ओढाल तितकी आवळणारी.

आम्ही तिघंही व्हरांड्यात आलो. थानेश्वरने बसवलेल्या नव्या कठड्याला आधार म्हणून बांबू बांधलेले होते, वेताने. दहा-बारा गाठी. मी एकीवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

तीच गाठ होती.

६

शनिवारी सकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. नाझीर आले नाहीत. सरांना बाइदेउंनी एवढंच सांगितलं होतं, "संध्याकाळपर्यंत काही विचारू नका."

थानेश्वर अंगणात इकरा निवडत होता. बाइदेउंनी गाठ त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती पाहिली, मग हातातला बोरू खाली ठेवला. नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"बोटांना दुसरी येतच नाही," तो म्हणाला.

"कागद कुठायत, खुरा?" मी विचारलं. लहानपणापासून मी त्याला खुरा, काका, म्हणतो. "माझी नोकरी गेली असती. तुला ठाऊक होतं?"

"तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं, मुही. कोणी उघडतच नाही ना ते रुमाल. वाटलं, उघडतील तेव्हा म्हणतील, जुनी चूक असेल कोणाची तरी." तो आत गेला आणि चुलीवरच्या माळ्यावरून बांबूची जाड नळी घेऊन आला. तोंडाला मेणकापड बांधलेलं. "घ्या. एकही पान फाटलेलं नाही."

"का, थानेश्वर?" बाइदेउ वेताच्या मुढ्यावर बसल्या. "इमारतीवर तुझा राग?"

"राग?" तो पहिल्यांदाच हसल्यासारखा झाला. "ती माझ्या बापाने बांधलीय."

मग त्याने सांगितलं. बेचाळीसला गावातल्या पोरांनी कचेरी पुरती जाळली. चौधरीचा आजोबा खरं सांगत होता. चौदाजण तुरुंगात गेले. गावाने शपथ घेतली, सरकारची कचेरी पुन्हा उभी करायला कोणी हात लावणार नाही. आणि बापुराम मेधीने हात लावला. जुन्याच जोत्यावर, जुन्याच बेताने, लांबून आणलेल्या मजुरांना घेऊन एका उन्हाळ्यात उभी केली.

"गावाने आम्हाला वाळीत टाकलं. माझा जन्म त्यानंतरचा. आघोनी, माझी थोरली बहीण, तिने सगळं पाहिलं. तिला कोणी खेळायला घेईना. लग्नही गावात जमलं नाही, नदीपलीकडे द्यावी लागली. बाप एक शब्द बोलायचा नाही. पुढे ती पिढी गेली, लोक विसरले. मास्तरांची पुस्तिका आली तेव्हा मला बरं वाटलं, देवाशपथ. १८९९ म्हटलं की झालं. आणि मग ते स्वतःच येऊन सांगायला लागले, मिस्त्रींची नावं वाचणार म्हणून. भर सभेत. माझ्या बापाचं नाव." त्याने गामोशाने तोंड पुसलं. "खण मी काढला तर समोर फळीवर तोच रुमाल. असमिया अक्षरं येतात मला थोडी. 'कचेरीघर'. नाझीरबाबू जेवायला गेलेले."

"मग जाळले का नाहीस कागद?"

"जाळायलाच आणले होते. पण एका पानावर अंगठा आहे. बाकी सगळं इंग्रजी, मला काय कळतंय. पण अंगठ्याखाली कोणीतरी असमियात लिहिलंय, बापुराम मेधी. बापाचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे. तेवढा अंगठाच."

बाइदेउंनी नळी उघडली. चष्मा चढवून त्या पानं उलटायला लागल्या. त्यांचं इंग्रजी मोजणी खात्यातलं, सावकाश पण पक्कं. दहावं-बारावं पान असेल. त्या थांबल्या. पुन्हा वरून वाचलं.

"थानेश्वर," त्या म्हणाल्या, "हे तुला कोणी कधीच वाचून दाखवलं नाही?"

७

ते त्या वेळच्या साहेबाचं टिपण होतं, १९४३ च्या चैतातलं. बाइदेउ एकेक ओळ वाचत आणि आपल्या भाषेत सांगत.

आग लागल्यानंतर गावात शिपाई बसवले होते. साठजण. त्यांचा तळ नामघरात होता. जिथं गाव चपला काढून कीर्तनाला बसायचं तिथं त्यांचे बूट, चुली, कोंबड्यांची पिसं. बायका त्या रस्त्याने पाण्याला जाईनात. साहेबाने लिहिलं होतं: बापुराम मेधी नावाचा मिस्त्री भेटायला आला. दुसरा कोणी काम घेत नाही, मी घेतो म्हणाला. अट एकच. पावसाआधी कचेरीवर पत्रा चढला, की शिपाई नामघरातून आणि गावातून हलवायचे. मजुरी म्हणून त्याने आणखी काही मागितलेलं नाही.

"आणि खाली," बाइदेउंनी ओळीवर बोट ठेवलं, "खाली लिहिलंय, 'मी मान्य केलं आहे. मात्र सरकारने गावापुढे नमतं घेतलं असं दिसता कामा नये. ही बोलणी गावात फुटली तर शिपाई परत येतील, हे मिस्त्रीला समजावलं आहे. त्याने कोणालाही न सांगण्याचं कबूल करून अंगठा दिला.' शेवटच्या पानावर तारीख आहे. आषाढाच्या पहिल्या आठवड्यात शिपाई गेले."

बाइदेउंनी चष्मा काढला.

"पण नंतर?" थानेश्वर म्हणाला. "सत्तेचाळीसनंतर तर सांगता आलं असतं. तेव्हा शिपाई थोडेच परत येणार होते."

"कोणी विश्वास ठेवला असता?" बाइदेउंनी विचारलं. "पुरावा तर त्याच इमारतीत कुलपात होता, आणि त्याला वाचता येत नव्हतं."

थानेश्वरने ते पान मागून घेतलं. अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवला नाही की रडला नाही. नुसता बघत राहिला, लाकडाची शीर कुठं जाते ते बघतो तसा. मग ते पान त्याने माझ्या हातात दिलं.

"तूच ठेव. रुमालात," तो म्हणाला. "सोमवारी वाचा म्हणावं."

८

शनिवारी संध्याकाळी मी सरांना लेखी दिलं की मंगळवारच्या चारशे बारा सह्या न तपासता केल्या आहेत. शइकियांनी खणाबद्दल लिहून दिलं. दोघांनाही ठपका मिळाला, तो सेवापुस्तकात लाल शाईत आहे. थानेश्वरचं काय करायचं यावर सर बराच वेळ विचार करत होते. अखेर त्यांनी लिहिलं, 'कागद सुस्थितीत परत मिळाले', आणि पोलिसांकडे काही गेलं नाही. ते नियमाला धरून होतं का, हे मी अजूनही ठरवू शकलेलो नाही.

सोमवारी समितीपुढे राजखोवा मास्तर उभे राहिले. हातात स्वतःची पुस्तिका. "ही चूक आहे," ते म्हणाले. "पन्नास वर्षं मी मुलांना सांगत आलो, उत्तर खोडायला लाजू नका." मग ते बसले. चौधरीच्या चेहऱ्यावर आनंद मावेना; १८९९ गेलं, १९४३ राहिलं. पण सरांनी टिपण वाचायला घेतलं तसा तोही गप्प झाला. नामघराचा उल्लेख आला तेव्हा मागच्या रांगेतले दोन म्हातारे उठून थानेश्वरच्या शेजारी जाऊन बसले. चौदा जणांतल्या दोघांची ती मुलं होती.

हुकूम पावसाळ्यात आला. कचेरी पाडायची नाही; नवी इमारत मागच्या मैदानात. ते काम चौधरीलाच मिळालं, जुनीच्या डागडुजीसकट. त्याच्या दोन्ही हातांत लाडू. डागडुजीसाठी इकराचा माणूस हवा म्हणून त्याला थानेश्वरच्या अंगणात जाऊन बसावं लागलं, आणि थानेश्वरने त्याला तीन वेळा परत पाठवलं, असं ऐकतो.

त्याआधी, बिहूच्या आठवड्यात, थानेश्वर माझ्याकडे आला होता. "त्या पानाची नक्कल देशील? आणि रविवारी माझ्याबरोबर येशील? मला इंग्रजी वाचता येत नाही."

आम्ही सकाळच्या बोटीने पलीकडे गेलो. आघोनी बाइदेउ ब्याऐंशी वर्षांच्या, मागाजवळ उन्हात बसलेल्या, कानाने अधू. मी मोठ्याने वाचलं, एकेक ओळ आपल्या भाषेत सांगत. एकदा झाल्यावर त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"शिपाई गेले तो दिवस मला आठवतो," त्या म्हणाल्या. "सगळं गाव नामघर धुवायला धावलं होतं. टाळ वाजत होते. देउता, आमचे वडील, घरीच, पायरीवर पटाशीला धार लावत बसलेले. मी म्हटलं, देउता, चला ना. आपल्याला आत घेणार नाहीत, पण बाहेरून तरी बघू." त्या थांबल्या. थानेश्वर त्यांच्या पायांशी बसला होता. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हणाले, तू जाऊन ये, आघोनी. आतली जमीन नीट सारवलीय का, तेवढं मला येऊन सांग."